दोन आडव्या रेघा

१

चहाची कपबशी विसळून पालथी घातली की नाना सायकलच्या हँडलवर ते यंत्र बसवत. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं, काळं, हातात घेतलं तर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. बसवायचं म्हणजे आधी तिरपं ठेवायचं आणि मग पाव फेरा फिरवायचं. टक् आवाज आला की बसलं. बाजूचं बटण दाबून धरलं की पडदा उजळे आणि यंत्र रोजचा प्रश्न विचारी: रस्ता की रान?

यंत्र त्यांच्या मुलाचं. मुलाला घरात आणि गल्लीत सगळे भिंगू म्हणत. लहानपणी एका जागी ठरायचा नाही, भिंगरीसारखा फिरत असायचा, म्हणून भिंगू. मोठा झाला, नोकरीला लागला, तरी नाव तेच राहिलं. सुट्टीच्या दिवशी तो लांबच्या डांबरी रस्त्याला जाई, तेव्हा यंत्राला रस्ता सांगे. एरवी सकाळी टेकडीमागच्या रानात जाई, तेव्हा रान सांगे. दोन्हीकडे ते त्याला वाट दाखवी, वेग सांगे, चढ मोजी.

"फोनमध्ये होत नाही का रे हे सगळं?" नानांनी एकदा विचारलं होतं.

"फोन रानात गेला की मुका होतो, बाबा. हा गडी वरच्या उपग्रहांना विचारतो. ऊन म्हणू नका, धक्के म्हणू नका, कशाला दाद देत नाही."

आता नाना रोज रान निवडत. मग यंत्र उपग्रह शोधत बसे आणि नाना फाटकाबाहेर मोकळ्यावर सायकल धरून उभे राहत. दारातून भिंगूची आई विचारी, "सापडले का?"

"सापडतायत."

"सापडले की सावकाश जा."

दोघं उपग्रहांबद्दलच बोलत. दुसरं काही सापडण्याबद्दल बोलायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

भिंगू असाच एका सकाळी रानात गेला आणि परत आला नाही. दुपारी त्याची सायकल मिळाली, टेकडीमागच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. पडलेली नव्हती. एका दगडाला नीट टेकवून ठेवली होती, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, यंत्र जागच्या जागी. जणू पाणी प्यायला म्हणून दोन पावलं गेला असावा. पोलिसांनी रान पालथं घातलं, खाणीच्या तळातलं पाणी उपसून बघितलं, आणि मग थांबले. नाना थांबले नाहीत.

२

नानांनी जन्मभर विजेचे मीटर वाचले. शाळा बेताचीच झाली होती, पण आकडे वाचता येत आणि सायकल चालवता येई, एवढं त्या कामाला पुरे होतं. खांद्याला पिशवी लावून दारोदार फिरत. पिशवीच्या ओझ्याने डावा खांदा असा उतरला की शिंपी सदरा शिवताना कुरकुर करी, "नाना, एक बाही मोठी शिवू की एक नाना छोटा करू?"

त्यांच्याबरोबरचे काही जण ऊन तापलं की झाडाखाली बसत आणि अंदाजे रीडिंग टाकून मोकळे होत. नानांनी न बघता आकडा कधी सांगितला नाही. घर बंद असलं तर कुंपणावरून वाकून, खिडकीतून टाचा उंचावून बघत. आणि बंद घराचं मीटर फिरताना दिसलं की त्यांना कळे, आत काहीतरी चालू राहिलंय. रिकामं घर मीटर फिरवत नाही.

संध्याकाळी घरी येताना ते वळणावरूनच बेल वाजवत. एक लांब, एक तोकडी. फाटकाशी आले की म्हणत, "भिंगू, दार उघड, मी आलोय." आतून पळत येणारी पावलं ऐकू येत, मग कडी. त्यांच्या घराची कडी आधी वर उचलावी लागे, मग ती कुरकुरत सरके आणि शेवटी टणकन आपटे. भिंगू मोठा झाल्यावर पळत येईनासा झाला, पण उठून यायचा तोच. बापाला दार दुसऱ्या कुणी उघडलेलं त्याला खपत नसे.

त्याच्या सायकलला बेल नव्हती. रानात कुणाला वाजवायची, म्हणे. तो गेल्यावर नानांनी सीट खाली केली, आपल्या जुन्या सायकलची बेल काढून त्याच्या हँडलवर बसवली, आणि रोज त्या वाटेने जाऊ लागले.

यंत्राच्या पडद्यावर चार चौकटी होत्या. वेग, अंतर, उंची, आणि चौथीत एक इवलंसं हृदयाचं चित्र. भिंगू छातीला एक पट्टा बांधायचा, तो ठोके मोजायचा आणि यंत्राला कळवायचा. पट्टा त्याच्या अंगावरच गेला होता. त्यामुळे चौथ्या चौकटीत कायम दोन आडव्या रेघा असत. नानांना त्यांची सवय झाली होती. बंद घराच्या दारावरच्या पाटीसारखी.

अशाच एका सकाळी ते खाणीत उतरले, दगडाला सायकल टेकवली आणि कपाळ पुसता पुसता पडद्याकडे पाहिलं.

चौथ्या चौकटीत बासष्ट होतं.

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. एकसष्ट. मग पुन्हा बासष्ट. आकडा हळूच वरखाली होत होता, झोपलेल्या माणसाची छाती होते तसा.

३

सायकल दुरुस्तीचं दुकान भिंगूच्या मित्राचं होतं. त्याला सगळे पंप म्हणत, कारण बोलता बोलता मध्येच फुस्सकन श्वास सोडायची त्याला खोड होती. तो चाक सरळ करत बसला होता.

"अरे, तो छातीचा पट्टा कुठं पडून राहिला, तर पडल्या पडल्या आकडा पाठवील का?"

"नाही हो, नाना. त्याला ओली कातडी लागते. अंगावरून काढला की थोड्या वेळात झोपतो बिचारा."

"आणि दुसऱ्या कुणाचा असला तर?"

पंपने खुंटीवरचा स्वतःचा पट्टा काढला, थुंकी लावून सदऱ्याच्या आत बांधला आणि नानांच्या यंत्राजवळ छाती पुढे काढून उभा राहिला. पडद्यावर दोन रेघाच राहिल्या.

"बघा. एकदा ज्याच्याशी ओळख करून दिली, त्यालाच हे ओळख देणार. परक्याकडे ढुंकून बघत नाही. आमच्या बायकोला दाखवायला पाहिजे." फुस्स. "भिंगूच्या पट्ट्याशिवाय याला दुसरं कुणी माहीत नाही."

"किती लांबून कळतं याला?"

"लांबून कुठलं. या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. फार झालं तर बाहेरच्या खांबापर्यंत." मग त्याचा हात चाकावर थांबला. "का विचारताय, नाना?"

दुसऱ्या दिवशी तो बरोबर आला. खाणीत पोचेपर्यंत त्याची बडबड चालू होती. यंत्र हातात घेतल्यावर ती थांबली. तो ते हातावर धरून हळूहळू फिरू लागला, अंधारात दिवा सांभाळत चालावं तसा. खाणीच्या उजव्या भिंतीपासून दूर गेला की रेघा. भिंतीजवळ आला की आकडा. ती भिंत म्हणजे सरळ कापलेला खडक, वरपासून खालपर्यंत एकसंध. भेग नाही, कपार नाही, कोनाडा नाही.

पंपने तळहात खडकावर ठेवला आणि लगेच उचलला.

"गार आहे," तो म्हणाला. विचारलं तर कुणी काहीच नव्हतं.

परतताना तो पुढे पुढे सायकल हाणत राहिला. दुकानाशी उतरल्यावर म्हणाला, "नाना, मला जरा काम आहे उद्यापासून." नानांनी मान हलवली. त्यानंतर ते दुकानावरून जात, तेव्हा पंप कुठल्या तरी साखळीत डोकं खुपसून बसलेला असे.

पोलीस इन्स्पेक्टर माणूस चांगला होता. तो पुन्हा एकदा आला, दोन शिपाई घेऊन. त्यांनी पहारीने खडक ठोकून बघितला. भरीव. वर चढून बघितलं, नुसतं गवत. यंत्रात आकडा चालूच होता.

"नाना, यंत्र आहे हे. आमच्या घरचा टीव्हीसुद्धा कधी कधी आपोआप लागतो."

"माणसाचा ठोका लागतो का साहेब, आपोआप?"

इन्स्पेक्टरने टोपी काढून पुन्हा घातली. "तुम्ही घरी जा. काकूंना जपा," एवढंच म्हणाला.

४

मग ते एकटेच जाऊ लागले. भिंतीशी बसत, यंत्र मांडीवर ठेवत. बासष्ट, साठ, एकसष्ट. खाणीत पक्षी बोलत नसत. खाली तळात हिरवं पाणी, वर आभाळाचा एक चौकोन.

नुसतं बसवेना, म्हणून एक दिवस त्यांनी बेल वाजवली. एक लांब, एक तोकडी. तोंडातून आपसूक निघालं, "भिंगू, दार उघड, मी आलोय."

खाणीने आवाज गिळला. उशीत बोलावं तसा तो जागीच मेला, पलीकडच्या भिंतीपर्यंतसुद्धा पोचला नाही. एवढी मोठी खाण आणि साधा प्रतिध्वनी नाही, याचं नानांना नवल वाटलं.

पण चौकटीतला आकडा हलला. अडुसष्ट. बहात्तर. पंचाहत्तर.

नाना खडकाला गाल लावून बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. "ऐकतोयस ना रे," ते म्हणाले. "ऐक. मी आहे इथंच." हळूहळू आकडा परत साठावर आला, पोराला थोपटल्यावर येतो तसा.

त्यानंतर रोज हेच. बेल, हाक, आकडा. दिवसाकाठी कितीतरी वेळा. पहारीने जे झालं नाही ते हाकेने होईल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. हाक ऐकली की भिंगू उठून येतो. आजपर्यंत आलाय. आता नुसता रस्ता सापडत नाहीये त्याला.

खाणीला प्रतिध्वनी कधीपासून आला, ते त्यांना नक्की सांगता आलं नसतं. एका दुपारी बेल वाजवल्यावर पलीकडच्या भिंतीकडून तीच बेल परत आली, बारीक, पाण्यातून आल्यासारखी. मग "दार उघड" एवढेच शब्द. नानांना वाटलं, गवत वाळलं असेल, हवा कोरडी झाली असेल, म्हणून आवाज फिरतोय. काही दिवसांनी पूर्ण वाक्य परत येऊ लागलं. स्वच्छ. थोडं उशिरा.

आणि आकडा पूर्वीपेक्षा जास्त चढू लागला. नव्वद. शंभर. नानांना तो आपल्या हाकेचा जोर वाटला.

५

भिंगूच्या आईला त्यांनी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. आशा लावावी आणि मग ती आपल्याच हाताने काढून घ्यावी लागावी, याचं भय होतं. पण रोज येताना माणूस हसत येतो, हे बायकोच्या नजरेतून सुटणार थोडंच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काय आहे ते सांगून टाका. पोटात ठेवून ठेवून तुम्हाला जेवण जात नाहीये."

त्यांनी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"नुसता बसलेला असताना किती असतो?"

"साठाच्या आसपास. कधी अठ्ठावन्न."

"म्हणजे झोपलेला," ती म्हणाली. तिचा आवाज असा मऊ झाला की नानांना दुसरीकडे बघावं लागलं. "लहानपणापासून झोपाळू. आणि तुम्ही हाक मारल्यावर?"

"चढतो. शंभरावर जातो आता."

"शंभरावर?"

"मला ओळखतो ना."

तिने एक काडी उचलली, मोडली, पुन्हा खाली ठेवली. "अहो, एक विचारू? आनंदाने चढतो की भीतीने, ते सांगतं का तुमचं यंत्र?"

"यंत्र काय सांगणार. ते आकडा सांगतं."

"तुम्ही दारात आल्यावर तो कधी घाबरायचा का?"

"नाही."

"मग शंभरावर कशाला जाईल?"

मीटर किती फिरतंय ते त्यांना जन्मभर सांगता आलं होतं. आत नेमकं काय चालू आहे, हे कुठल्याच मीटरवर लिहिलेलं नसतं.

६

दुसऱ्या दिवशी ते भिंतीशी बसले आणि मीटर तपासायला बसावं तसे बसले. भार टाकायचा, काटा बघायचा, घाई करायची नाही.

बेल वाजवली. हाक मारली. डोळे पडद्यावर ठेवले.

बासष्ट. त्रेसष्ट. पासष्ट. तिथेच थांबला. उलट जरा उतरला, साठ. त्यांच्या हाकेने आकडा शांत झाला होता.

मग पलीकडून बेल आली. एक लांब, एक तोकडी. "भिंगू, दार उघड, मी आलोय."

ऐंशी. शंभर. एकशे वीस.

नानांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. त्यांच्या हाकेला पोर झोपल्या जागी कूस बदलत होतं. पलीकडच्या हाकेला त्याचा जीव घशाशी येत होता.

तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम बेल वाजवली आणि हाक मारलीच नाही. ओठ दातांखाली धरून बसले.

पलीकडून बेल आली. थोडा वेळ गेला. मग हाक आली. पूर्ण.

नाना उठले नाहीत. ते विचार करत राहिले, आणि विचार करताना मधे मधे मान हलवत होते, समोर बसलेल्या कुणाला तरी नाही नाही म्हणावं तसे. पहिल्या दिवशी इथं आवाज फिरत नव्हता. फिरायला शिकवला कुणी? रोज येऊन, तेच शब्द, तीच बेल, शिकवणी लावावी तसं पाठ करून घेतलं कुणी? भिंगू त्या खडकात कुठंतरी दडून बसला होता, आणि बापाने येऊन त्याच्या दाराची हाक दारोदार सांगत सुटावी, तशी सांगितली होती.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "तुझं बरोबर होतं. आता मी हाक मारणार नाही."

"नका मारू," ती म्हणाली. "झोपू दे त्याला. नुसते जवळ बसून या."

७

बरेच दिवस बरे गेले. नाना जात, दुरूनच उतरून सायकल उचलून आणत, चाकाची टिकटिक होऊ नये म्हणून. बेलची कळ त्यांनी फडक्याने बांधून टाकली. भिंतीशी बसत. खोकला आला तर सदऱ्यात तोंड खुपसत. अठ्ठावन्न. सत्तावन्न. पलीकडची भिंत गप्प होती. त्यांना वाटलं, शिकवणारा थांबला म्हणून शिकणाराही विसरला असेल.

त्या दुपारी ऊन भिंतीवरून अर्धं उतरलं होतं. नाना पेंगत होते. बेल वाजली.

त्यांनी आधी आपल्या हँडलकडे पाहिलं. फडकं जागेवर होतं.

एक लांब, एक तोकडी. पाण्यातून आल्यासारखी नाही. उघडी, पितळेची, वळणावरून येते तशी. मग पलीकडून, खाली पाण्याच्या काठावरून आवाज आला. दमलेला, दिवसभर उन्हात फिरून आलेल्या माणसाचा.

"भिंगू, दार उघड, मी आलोय."

नानांनी पडद्याकडे पाहिलं. एकशे दहा. मग एकशे दोन. पंचाण्णव. आकडा उतरत होता.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. आधी दोन हाका येत होत्या, पोर ताडून बघत होतं, यातला माझा बाप कुठला. आता कित्येक दिवसांत बापाची हाकच नव्हती. उरली होती ती एकच.

"नको," नाना ओरडले. "भिंगू, उघडू नकोस. मी इथं आहे. तो मी नाही."

त्यांचा आवाज उशीत बोलल्यासारखा जागीच मेला.

"दार उघड," पलीकडचा आवाज मायेने म्हणाला. खाणभर घुमला.

ब्याऐंशी. सत्तर.

नानांनी खडकावर हात मारले. फडकं ओढून काढलं आणि बेल वाजवत सुटले, लांब तोकडी न बघता, कशीही. नखं मोडेपर्यंत. आणि वाजवता वाजवता त्यांनी वळून पाहिलं. पाहायचं नव्हतं, मान फिरली.

पाण्याच्या पलीकडे, जिथं ऊन संपून सावली सुरू होत होती, तिथं कुणीतरी सायकल धरून उभं होतं. पाठमोरं. तोंड खडकाकडे, दार उघडायची वाट बघत उभा राहतो तसा माणूस. चेहरा दिसला नाही, आणि पुढे कधी आठवणीतही तो दिसू नये, अशी त्यांची इच्छा होती. दिसला तो फक्त डावा खांदा. उतरलेला.

खडकाच्या आत, त्यांच्या कानाजवळ, कडी वर उचलल्याचा आवाज झाला. मग कुरकुर. मग टण.

चौकटीत साठ होतं. पोर निवांत होतं.

मग दोन आडव्या रेघा आल्या.

८

नाना घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सायकल हातात धरून चालत आले. फाटकाबाहेर त्यांनी पान्याने बेल सोडवली आणि गटारात टाकली. यंत्राचं बटण दाबून धरलं, पडदा विझेपर्यंत. पाव फेरा उलटा फिरवून ते काढलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग दार लोटून आत गेले आणि कडी लावली.

भिंगूची आई ओसरीवर आली. "आज बेल नाही वाजवलीत? मला वाटलं विसरून पुढे गेलात की काय."

"दमलो होतो."

"हातांना काय झालं?"

"साखळी बसवताना लागलं."

तिने पाणी दिलं. ते प्यायले. खिडकीतून गल्लीतल्या पोरांचा दंगा ऐकू येत होता, कुणाचा तरी चेंडू कुणाच्या तरी पत्र्यावर पडला होता. तिने त्यांच्या बोटांना हळद लावायला घेतली, फुंकर घालत घालत.

पोरांचा दंगा थांबला.

वळणावर बेल वाजली. एक लांब, एक तोकडी.

तिचा हात थांबला. चेहऱ्यावर आधी नवल आलं आणि मग, कितीतरी महिन्यांनी, काहीतरी उजळलं. ती उठू लागली.

"बस," नाना म्हणाले.

"अहो, पण ही तर आपली..."

"बस ना जरा. माझ्याजवळ बस."

त्यांनी तिचं मनगट धरलं. जोराने नाही, पण ती बसली. बाहेर सायकलच्या चाकाची टिकटिक फाटकाशी येऊन थांबली. फाटकापासून ओसरीपर्यंत अंतर ते किती. समोरच्या भिंतीपर्यंत, फार झालं तर बाहेरच्या खांबापर्यंत.

खिशातल्या यंत्रावर नानांनी तळहात ठेवला. बटण अंगठ्याखाली होतं. दाबून धरलं असतं तर पडदा उजळला असता, त्याने रस्ता की रान विचारलं असतं, आणि चौथ्या चौकटीत काय आहे ते कळलं असतं. रेघा असल्या तर बाहेर कोण नाही ते कळलं असतं. आकडा असला तर तो कुणाच्या शेजारी उभा आहे, ते कळलं असतं. आणि मग दार उघडायचं की नाही, हे या दोन म्हाताऱ्यांना ठरवावं लागलं असतं.

त्यांनी बटण दाबलं नाही.

ती दाराकडे बघत होती. मग त्यांच्याकडे बघू लागली. मनगट धरलेल्या त्यांच्या हातावर तिने आपला दुसरा हात ठेवला, आणि जरा वेळाने रोज विचारायची तेच विचारलं, हळू आवाजात, झोपलेलं कुणी उठू नये तसं.

"आज किती होता?"

नाना कडीकडे बघत होते. ती हलत नव्हती.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी न बघता आकडा सांगितला.